सिस्टरांनी न जोडलेली वायर

गायकवाड सिस्टर आधी नाडी बघायच्या आणि मग सूर द्यायच्या. बुधवारच्या सरावाला आम्ही चार टाळकी चर्चमध्ये जमलो की त्या एकेकाचं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या. "सर, तुमची आज पळतीय. गाडी ढकलत आलात का कुणाशी भांडून आलात?" सगळ्यांची नाडी बघून झाली की पेटीच्या लाकडावर बोटांनी ठेका धरायच्या आणि त्या दिवशी गीत त्याच लयीत म्हटलं जायचं. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, लय गाण्याची असते, गाणाऱ्याची नसते." त्यावर त्या म्हणाल्या, "पेशंटला त्याच्या ताकदीपेक्षा जोरात चालवायचं नसतं. बसा तिकडं."

मी जामखेडच्या एका शाळेत शिक्षक होतो आणि जवळच्याच गावात सिस्टरांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मीही ख्रिस्ती आणि आवाज जाडा, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला दुसऱ्याच रविवारी गायनात उभं केलं. सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झालेल्या होत्या. पांढरी साडी सुटली होती, पण दवाखाना सुटला नव्हता. घरातली प्रत्येक वस्तू स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली. जेवण उभ्याने, दोन मिनिटांत, जणू वॉर्डात बेल वाजणार आहे. बोलण्यातही सगळं दवाखान्याचंच. पाळकसाहेबांच्या उपदेशाला त्या सलाईन म्हणायच्या. "थेंब थेंब पडतंय, माणूस झोपणारच." गावात कुणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी त्या हजर, आणि रडणाऱ्या बायकांना पहिला हुकूम हा की, "रडायचं असंल तर बसून रडा. उभ्यानं चक्कर येती." बायका मुकाट्याने खाली बसून रडायच्या.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याविषयी कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नाईट ड्यूटी लागली होती."

पूर्वी म्हणे त्या चर्चचं गायन आसपासच्या तालुक्यांत नावाजलेलं होतं. पुढे पोरं पुण्याला, चाकणला कामाला लागली, पोरी लग्न होऊन गेल्या. नाताळाला सगळे यायचे, नवे बूट घालून दाराशी उभे राहायचे आणि गाण्याऐवजी मोबाईलवर आमचंच शूटिंग करायचे. गायनात उरलो आम्ही चौघं. पेटीवर सिस्टर. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी विमल. मी. आणि दाविदमामा.

दाविदमामा म्हणजे दाविद साळवे. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. भुवया कायम पांढऱ्या, त्या वयाने किती आणि ज्वारीने किती हे सांगता यायचं नाही. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की ते कानात काही सांगायला लागले तर समोरच्या गल्लीला कळायचं. त्याच घरघरीने कानही मंद झालेले. त्यामुळे व्हायचं काय, की बाकीचे काय गातात ते मामांना जरा उशिरा कळायचं. आम्ही आमेन म्हणून खाली बसलो की मग मामांचा आमेन निघायचा, चांगला लांबलचक. पुढे आम्हाला त्याची सवय झाली. आम्हीच आमचा शेवटचा सूर ओढून धरायचो आणि मामा येऊन पोचले की सगळे मिळून थांबायचो. आठवडाभर पीठ आणि रविवारी गाणं, असा त्या माणसाचा संसार होता. रविवारी सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून ते सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या जागेवर उभे राहायचे. बसायचे नाहीत. "बसल्यावर आवाज पोटातच ऱ्हातो," म्हणायचे.

मग तो टॅब आला. सिस्टरांच्या पुण्यातल्या भाच्याने नवा घेतला आणि जुना मावशीला देऊन टाकला. सिस्टरांनी तो आधी स्पिरिटने पुसला, मग आठ-पंधरा दिवस त्यावर फक्त हवामान बघितलं. एक दिवस मला खिडकीतून हाक मारली. "सर, इकडं या. ही पोरगी बघा." पडद्यावर कुठल्या तरी देशातली एक मुलगी एकटीच बसली होती. तिने टेबलावर टिचक्या मारल्या, टॅबवर बोट टेकवलं, तर टिचक्या आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहिल्या. त्यावर तिने एक सूर गायला, तोही फिरत राहिला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बघता बघता एकटीचा मेळा झाला. "याला लूप म्हणतात," मी शहाणपणा केला. सिस्टर पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "राऊंड म्हणायचं. एकदा घेतला की पुन्हा पुन्हा घ्यायचा. आपल्याला काय नवीन आहे?"

ते त्यांनी कसं शिकून घेतलं त्यांनाच ठाऊक. महिन्याभरात त्यांच्या पुढच्या खोलीतून अजब आवाज यायला लागले. दवाखान्यातला स्टीलचा किडनी ट्रे पालथा घालून त्यावर कात्रीच्या मुठीने ठेका. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तांदूळ भरून त्याचा खुळखुळा. वर पेटी. त्यावर त्यांचा स्वतःचा आवाज, मग त्याच आवाजाचा वरचा सूर, मग खालचा. पडद्यावर एक गोल असायचा, तो भरत जायचा. भरला की पहिल्यापासून. चूक झाली की "पुसा" म्हणायच्या, स्वतःलाच, आणि पुन्हा सुरुवात.

पहिल्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये टॅब लावला तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून दारामागे बघून आली, बाकीच्या बाया कुठे उभ्या आहेत म्हणून. मंडळी खूश झाली. सिस्टरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घरी येताना म्हणाल्या, "माणसं गेली म्हणून गायन बंद पडायचं न्हाई, सर. माझ्या जित्या जीवी तर न्हाई." हे सगळं त्यांनी गायन जगवायला केलं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून कुणाला त्या वेगळ्या वाटायला नकोत.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये ज्वारीची पोती, भोपळे, अंडी, जित्या कोंबड्या अशी सगळी अर्पणं येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या दिवशी चर्च भरलेलं असतं. सिस्टरांनी ठरवलं की पहिला राऊंड चौघांचा एकत्र घ्यायचा आणि त्यावर बाकीचे थर चढवायचे. आम्ही गायलो. गोल भरला, पुन्हा सुरू झाला, आणि मामांचा शेवटचा सूर, नेहमीप्रमाणे मागे राहिलेला, तो थेट पुढच्या फेरीच्या डोक्यावर जाऊन बसला. गीत सुरू व्हायच्या आत "आऽऽ". फेरी संपली, पुन्हा "आऽऽ". आमच्यात असताना आम्ही मामांसाठी थांबायचो. टॅब कशाला थांबतोय? त्यावर सिस्टरांनी घाईघाईने पेटी चढवली, ट्रे चढवला, पण तळाशी मामा होतेच. तळ काढावा तर सगळंच बंद पडणार. तिसऱ्या फेरीला बाकावरची पोरं मामांच्या बरोबरीने "आऽऽ" करायला लागली. चौथ्या फेरीला एका कोंबडीने साथ दिली आणि अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला.

सगळ्यात जास्त खूश कोण, तर मामा. "सिस्टर, माझा आवाज फिरून फिरून येतोय की वं!" ते मोठ्याने म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले. सिस्टर खाली मान घालून पेटीचा भाता दाबत राहिल्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. घरी गेल्या गेल्या त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी मामांना स्वतःचा स्वतंत्र माईक मिळाला. जागाही बदलली. पेटीपाशी होती ती खिडकीपाशी, बाकीच्या माईकपासून लांब. "मामा, तुमचा आवाज मोठा. तुम्हाला वेगळाच माईक पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. मामांनी खिशातून रुमाल काढून तो माईक पुसला आणि असा हातात घेतला की जणू कुणी सत्काराचा नारळ दिलाय. उपासना संपल्यावर वायरी गुंडाळायचं काम माझं. मामांच्या माईकची वायर गुंडाळत मी, सगळ्या वायरी जिथे जोडायच्या त्या मिक्सरपर्यंत गेलो, तर ती मिक्सरला पोचतच नव्हती. पेटीमागच्या सतरंजीखाली तिचं टोक नुसतं पडलेलं होतं.

मी वर बघितलं. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या.

"दिसलं का?"

"दिसलं."

"मग आता बघू नका," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "त्यांना गाऊ नका म्हणू का मी, सर? तोंडावर? जीव आहे त्यांचा गाण्यात. गाऊ दे की. कुणाचं काय बिघडतंय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर फार दयाळूपणाचं वाटलं.

आता गायन निर्मळ झालं. सिस्टर कानाला हेडफोन लावायच्या, एका बोटाने थर चढवायच्या, आणि स्पीकरमधून जे बाहेर यायचं ते ऐकून खरोखर अंगावर काटा यायचा. कर्जतहून बोलावणं आलं, श्रीगोंद्याहून आलं. प्रत्येक ठिकाणी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर. आमच्यापासून लांब, कडेला उभे राहून, डोळे मिटून, हातातल्या मुक्या माईकमध्ये जीव ओतून गायचे. स्पीकरच्या आवाजात त्यांचा आवाज बुडून जायचा, आणि त्यांच्या कानांना फरक कळत नव्हता. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "त्या टॅबात आपला बी आवाज हाय बरं का. लई बारीक काम हाय ते." नगरच्या एका मेळाव्यात कुणा मोठ्या पाहुण्याने भाषणात आमचं कौतुक केलं, एकही सूर इकडचा तिकडे नाही म्हणाले. मामांनी मला कोपराने ढोसलं. "ऐकलं का, सर? एक बी न्हाई." मी सिस्टरांकडे बघितलं. त्या टॅबची काच पुसत होत्या, पुसून झालेली काच परत पुसत होत्या.

दोन कापण्या अशा गेल्या. मग एका बुधवारी सराव चालू असताना मामा सिस्टरांजवळ येऊन म्हणाले, "सिस्टर, घसा धरतोय जरा. खरखर करतोय." सिस्टरांच्या कानाला हेडफोन होता. त्यांनी एक बाजू उचलली, "काय?" विचारलं. मामांनी पुन्हा सांगितलं. "पीठ बसलं असंल. गरम पाण्याच्या गुळण्या करा, मीठ टाकून," त्या म्हणाल्या आणि हेडफोन परत लावला. गोल भरत आला होता, चुकून चालणार नव्हतं.

मामांनी गुळण्या केल्या. सिस्टरांनी सांगितलेल्या म्हणजे केल्याच पाहिजेत. बायकोने, कमलमामींनी, दोनदा दवाखान्यात चला म्हटलं, तर हे म्हणायचे, "सिस्टरला दाखवलंय की." आवाज फाटत गेला. गिरणीवर हातवारे करून भाव सांगायला लागले. रविवारी मात्र माईक हातात घेऊन ओठ हलवत उभे. शेवटी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा पोराने उचलून नगरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आवाज कधीपासून बसलाय? कमलमामी म्हणाल्या, गेल्या उन्हाळ्यापासून. तेव्हा पावसाळा संपत आलेला होता. घशाचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले, आणि काढलं.

ही बातमी सिस्टरांना मीच सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून त्या उठल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सिस्टर, बसा."

"नोकरीत असताना गावोगाव हेच सांगत फिरले मी," त्या म्हणाल्या. "बायकांना, शाळांतून. घसा बसून राहिला की घरी थांबू नका, दाखवा. पाठ होतं मला, सर. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि माझ्यासमोर उभा राहून माणूस इतके महिने फाटक्या आवाजात गातोय, आणि मला ऐकू आलं न्हाई."

"स्पीकरचा आवाज मोठा असतो," मी काहीतरी बोललो.

"तसं न्हाई. मला ऐकायचंच नव्हतं. त्याची तर सोय करून ठेवली होती मी."

ती सोय मलाही माहीत होती.

मामा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथूनच. गळ्याभोवती ओलं फडकं, बोलणं बंद. आणि घरी आल्यावरच्या पहिल्याच बुधवारी ते सरावाला हजर. आपल्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही तिघांनी कसंबसं एक गीत म्हटलं. ते संपल्यावर मामा पुढे आले, टॅबकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग कानाला हात लावला. पुन्हा तेच. टॅब, छाती, कान. आणि हसले. विमलला आधी कळलं. ती रडायलाच लागली. "सिस्टर, मामा म्हणत्यात त्यांचा आवाज लावा. त्यात हाय न्हवं, तो ऐकवा."

सिस्टर म्हणाल्या, "हो मामा. शोधून ठेवते. बरंच आहे त्यात, शोधावं लागंल."

मामांनी मान डोलवली. घाई नाही, असा हात केला. आणि समाधानाने घरी गेले.

त्यानंतरचे दिवस मी सिस्टरांच्या खिडकीतून ऐकले. जितकी गीतं जपून ठेवली होती तितकी सगळी त्या एकेक करून लावायच्या, थर सोडवायच्या, पेटी बंद, ट्रे बंद, स्वतःचा आवाज बंद, विमलचा बंद, माझा बंद. मग उरलेल्या शांततेत कान घालून बसायच्या. एकदा धावत दारात आल्या. "सर, ऐका. मागं लांब काहीतरी आहे." मी हेडफोन लावून ऐकलं. चर्चमधला पंखा होता. त्याचं एक पातं कुईकुई करायचं.

मामा रस्त्यात भेटले की भुवया उंचावून विचारायचे. सिस्टर म्हणायच्या, "शोधतेय." त्या रस्ता बदलून जायला लागल्या.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. टॅब, माईक, सगळं मांडून ठेवलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज जाडा आहे. जरा मामांसारखं गाता का? मागून. शेवट ओढून."

मी गायलो. काय करणार, त्यांचा चेहरा बघून नाही म्हणता आलं नाही. मामांच्या बरोबर इतकी वर्षं उभा राहून मला त्यांची ढब चांगलीच येत होती. छाती फुगवून, अर्ध्या मात्रेने मागे राहून, शेवटचा सूर लांबवून मी गायलो आणि सिस्टरांनी तो राऊंड फिरवला. हुबेहूब मामा. दोन फेऱ्या आम्ही दोघांनी ऐकल्या. त्यांना तो ऐकवला असता तर मामा खूश झाले असते, यात मला आजही शंका नाही. मंद कानांना काय कळणार होतं?

सिस्टरांनी बोट टेकवून आवाज बंद केला. "त्याच्या गळ्यातलं काढून नेलं डॉक्टरांनी," त्या म्हणाल्या, "आणि आपण त्याला तुमचं घालतोय." पुसलं. मग उठल्या, चपला घातल्या. "चला माझ्याबरोबर. एकटीच्यानं बोलवणार न्हाई."

गिरणी बंद होती. मामा बाहेर स्टुलावर बसले होते, कमलमामी शेंगा फोडत होत्या. सिस्टरांच्या हातात टॅब नाही हे बघून मामांनी भुवया उंचावल्या. सिस्टर उभ्या राहूनच बोलल्या, मोठ्याने, मामांना ऐकू जाईल अशा. बुधवारच्या सरावात सूचना द्यायच्या तशा. "मामा, तुमचा आवाज त्यात न्हाई. कधीच नव्हता. कापणीच्या सणाला लोक हसले, त्यानंतर मी तुमच्या माईकची वायर जोडलीच न्हाई. जो होता तो पुसून टाकला. तुम्ही गात होता ते कुठंच जात नव्हतं. आणि मी हेडफोन लावून बसले, म्हणून तुमचा घसा गेलेला मला कळला न्हाई. तुम्ही सांगितलंत तरी कळला न्हाई."

मामांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी कमलमामींकडे बघितलं. मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. त्या मामांच्या कानाशी वाकून दोनच वाक्यं बोलल्या. मामांचं तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर व्हायला लागलं, भराभर. आवाज नसलेला माणूस ओरडतो तेव्हा काय होतं ते मी तिथे बघितलं. फक्त हवा येते. मग त्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली, एकदा, दोनदा, रस्त्याकडे हात केला, निघा म्हणून, आणि उठून आत गेले.

कमलमामी शांतपणे म्हणाल्या, "न्हाई घ्यायचं हुतं तर तसं सांगायचं, सिस्टर. रुसून घरी बसले असते चार दिस. पर बायको म्हनून माझं ऐकून दवाखान्यात तरी गेले असते. तुमचं नाव घेऊन बसून ऱ्हायले वो ते." मग त्यांना रडू फुटलं. सिस्टर तिथेच उभ्या. कुणाला काय सांगायचं, बसून रडायचं का उभ्याने, काही सुचत नसावं. मी दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

मामा चर्चला यायचे बंद झाले. सिस्टरांनी टॅब विमलच्या पोरीला अभ्यासाला देऊन टाकला. गायन आता तिघांचं, पेटीवर, जसं जमेल तसं. मंडळीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, ते मशीन का बंद केलं, छान वाटायचं. सिस्टर म्हणाल्या, "बिघडलं." कुणाला कळलं नव्हतं, कमलमामींनी गावात चकार शब्द काढला नव्हता. सिस्टरांना ते आणखी जड जात असावं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," एकदा म्हणाल्या.

गळ्याचं ते भोक रोज साफ करावं लागतं. खपली धरते, श्वास अडतो. पोराला जमायचं नाही, कमलमामींना बघवायचं नाही, तालुक्याच्या दवाखान्यात रोज नेणं शक्य नव्हतं. एक दिवस खपली अडकून मामा काळेनिळे पडले तेव्हा मामींनीच सिस्टरांना बोलावणं धाडलं. सिस्टर गेल्या, साफ केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जायला लागल्या. मामा त्यांना हात लावू द्यायचे. बघायचे मात्र नाहीत.

पुढच्या वर्षी माझी बदली अकोले तालुक्यात, राजूरला झाली. सामान टेम्पोत भरून झाल्यावर मी निरोप घ्यायला पुढच्या खोलीत गेलो, तर कुलूप. सकाळची वेळ, म्हणजे गिरणीवरच असणार. मी तिकडे गेलो. मामा स्टुलावर, हनुवटी वर केलेली, नजर गिरणीच्या पत्र्याकडे. सिस्टर समोर वाकून, हातात बॅटरी आणि कापसाचा बोळा. मी "सिस्टर, निघतो," म्हणालो. त्यांनी न बघता डावा तळहात वर केला, थांबा म्हणून. बोळा ठेवला, आणि कान मामांच्या गळ्यापाशी नेला, अगदी जवळ. श्वास ऐकत राहिल्या. बराच वेळ. मामा हलले नाहीत.

मग त्या सरळ झाल्या, फडकं ओलं करून बांधलं, ट्रे झाकला.

"साफ आहे," म्हणाल्या. "मामा, उद्या येऊ का?"

कमलमामी चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "रोज इचारत्यात. ते एकदाबी मान हलवत न्हाईत. तरी इचारत्यात, आन जाग्यावरनं हलत न्हाईत लवकर."

मी चहा घेतला. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मामा पत्र्याकडेच बघत होते. सिस्टर त्यांच्यासमोर ट्रे धरून उभ्या होत्या, मान थोडी पुढे, उत्तर ऐकायला. मी निघालो तेव्हाही तशाच उभ्या होत्या.